इसहाक मिस्त्रीचं गळकं जाळं

नागापूरच्या एमआयडीसीकडे वळणाऱ्या रस्त्यावर इसहाक भिंगारदिवेची पत्र्याची शेड होती आणि शेडवर पाटी होती : ‘ताडपत्री, तंबू, ट्रकचे हूड. पाणी गळल्यास परत.’ परत काय, ते पाटीवर नव्हतं, कारण पेंटरला जागा पुरली नव्हती. विचारायची वेळही कधी कुणावर आली नव्हती.

इसहाकनं पोरवयात भिंगारच्या छावणीबाहेर तंबू शिवणाऱ्या एका मुकादमाच्या हाताखाली सुई धरली. मुकादम शिकवायचा थोडं आणि मारायचा जास्त, पण एक गोष्ट त्यानं नीट शिकवली. कापडाला भोकं पाडून कापड जोडायचं आणि त्या भोकांतून पाणी जाऊ द्यायचं नाही, हा धंदा. बाकी सगळी शिंपीगिरी. इसहाकनं हे इतकं मनावर घेतलं की पुढं त्याचं पाण्याशी भावकीचं वैरच लागलं. पाऊस आला की लोक आभाळाकडे बघत, इसहाक शिवणीकडे बघे. कोपरगावकडून साखरेची पोती घेऊन निघालेला ट्रक घाटात भिजून चिंब झाला आणि पोती कोरडी उतरली, की ड्रायव्हर बन्सी परतीला मुद्दाम शेडपाशी हॉर्न देई. इसहाक आतून मान हलवी. एवढ्यावर दोघांचंही भागत असे.

त्याला पोहता येत नव्हतं. विहिरीत तो वाकून बघत नसे. बाप्तिस्मा तान्हेपणी, तोही कपाळाला थेंब लावून उरकला गेला, याबद्दल तो दर रविवारी देवाचे आभार मानी.

अशा माणसाची मुलगी समुद्रात जाई.

दया. एकुलती एक. नगरला प्राणिशास्त्र शिकली आणि तिथून कोकणातल्या एका मत्स्य महाविद्यालयात संशोधनाला गेली. संशोधन कशाचं, हे तिची आई स्टेलाबाई चर्चमध्ये कुणी विचारलं तर ‘सायन्सचं’ एवढंच सांगे. खोदून विचारलं तर ‘पाण्याचं’. याच्या पलीकडं ती कुणाला जाऊ देत नसे.

चौऱ्याण्णवच्या नाताळाला दया घरी आली, ती एक पत्र्याची नळकांडी घेऊन. जेवायला बसल्यावर स्टेलाबाईंनी विषय काढला.

“कापरे बाई म्हनत होत्या, त्यांच्या शाळेत जागा निघतीय. बीएड असंल तर लगेच घेतील.”

“मम्मी, माझं काम चाललंय ना.”

“काय काम? माशांची अंडी मोजायची. कोंबडीची मोजली असती तर निदान खायला तरी झाली असती.”

“अंडी आणि पिल्लं. कुठला मासा कधी, कुठं अंडी घालतो ते कळलं, तर पुढं मासे किती मिळतील याचा अंदाज येतो.”

“आनि न्हाई कळलं, तर मासे यायचे थांबतात का?”

इसहाक खाली मान घालून जेवत होता. मायलेकींत तो बोलत नसे. मटण चांगलं झालं होतं.

“नुसती अंडी नाहीत,” दया बापाकडे वळली. “समुद्रात बारीक बारीक जिवांचा नुसता रस्सा असतो, पप्पा. प्लवक म्हणतात त्याला. स्वतः पोहून कुठं जायचं त्यांच्या अंगात नाही. पाणी नेईल तिकडं जायचं.”

“म्हनजे तुझे पप्पाच,” स्टेलाबाई म्हणाल्या आणि वाढायला उठल्या.

मग दयानं खरं दुखणं सांगितलं. हे प्लवक ज्या जाळ्यात धरायचं, ते कॉलेजचं एकुलतं एक जाळं खडकाला लागून फाटलं होतं. तयार जाळं परदेशातून येतं, यायला वर्ष लागतं. आणि तिला वर्ष नव्हतं. थंडीपासून उन्हाळा सरेपर्यंत दर अमावास्या-पौर्णिमेला होडी समुद्रात जाईल आणि पाणी गाळून आणेल, तरच तिचं संशोधन उभं राहणार होतं. हा हंगाम हुकला तर तिची जागा दुसऱ्याला मिळणार होती.

“मंग तर बरंच,” स्टेलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “हंगाम हुकला तर बीएड. ठरलं. कापरे बाईंना मी तसं सांगते.”

“आणि नाही हुकला तर?”

स्टेलाबाईंनी थोडा विचार केला. त्या न्यायी होत्या. “तर मंग मी तोंड उघडनार न्हाई,” त्या म्हणाल्या. हे त्या ख्रिस्तजयंतीच्या दिवशी, भरल्या ताटावर बोलल्या, म्हणून इसहाकनं ते लक्षात ठेवलं.

दयानं नळकांडी उघडली. आत कापड होतं. नायलॉनचं, पांढरं, इतकं तलम की बोटावर धरलं तर बोटाच्या रेघा दिसत, आणि उजेडावर धरलं तर सगळंच्या सगळं भोकं.

“एवढंच आहे कॉलेजात. तिथल्या बाजारातल्या शिंप्याकडे नेलं होतं. तो म्हणाला, छाती किती?”

इसहाकनं हात धुतले, पुसले, परत धुतले आणि कापड हातात घेतलं.

“ह्याच्यातनं काय अडवायचं?”

“अंडी. मोहरीच्या दाण्याहून लहान.”

“आनि पानी?”

“पाणी सगळं जायला पाहिजे. जेवढं तोंडातून आत आलं तेवढं कापडातून बाहेर. शिवणीत अंडं अडकता कामा नये आणि शिवणीतून सुटताही कामा नये.”

पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणी सांगावं की इतके दिवस डाव्या हातानं जेवलास, आता उजव्यानं जेवून बघ, तसं त्याचं तोंड झालं होतं.

“पानी जाऊ द्यायचं,” तो म्हणाला. “मुद्दाम.”

“हो, पप्पा.”

“बघतो.”

शेडमध्ये इसहाकखेरीज एकच माणूस होता, पुंजाराम. पुंजाराम शिवत नसे. शेडच्या मागं चुलीवर मेणाची मोठी कढई होती. मेण, तुरटी, साबण, आणि आणखी एक वस्तू जी पुंजाराम कुणाला सांगत नसे. शिवलेलं कापड या कढईत बुडवून वाळवलं की घागर ओतली तरी खाली ठिपका पडत नसे. कामाची शिस्त अशी होती : मशीनच्या उजवीकडं पडलेला माल गिऱ्हाइकाचा, तो तसाच द्यायचा, डावीकडं पडलेला कढईत. शेडमध्ये मशीनचा आवाज इतका, की बोलणं शक्यच नव्हतं, आणि पुंजारामला बोलणं आवडतही नव्हतं. डावीकडं पडलं की तो उचले. काय पडलं, हे त्यानं कधी विचारलं नाही. एकदा इसहाकचा कोट डावीकडं पडला होता. तो कोट अजून टिकून आहे, आणि पावसात बरा पडतो.

जाळं शिवायला इसहाकनं चार दिवस दुसरं काम घेतलं नाही. बन्सीला ताडपत्रीची घाई होती, त्याला त्यानं दारातूनच परत लावलं.

“मामा, असं कुनाचं काम चाललंय?”

“समुद्राचं.”

“समुद्राला ताडपत्री?” बन्सी म्हणाला. “बरोबर हाय. लई भिजतो तो.”

इसहाकनं उजव्या बाजूला स्वच्छ चादर अंथरली. दयानं कागदावर काढून दिलेला आकार खडूनं फरशीवर आखला : वर परातीएवढं तोंड, खाली निमुळतं होत तांब्याएवढी शेपटी, लांबी माणसाच्या उंचीची. तोंडाला लोखंडी कडी, कडीला कॅनव्हासची पट्टी, शेपटीला भांडं बसवायची जागा. बारीक सुई घातली तरी कापड सुईखालून सरके. मग त्यानं खाली वर्तमानपत्राचा कागद धरून शिवलं आणि कागद फाडून काढला. शिवण दुमडून दोनदा घेतली, काठ आत लपवला. अंडं अडकायला कुठं जागा ठेवली नाही.

नाताळानंतरच्या शुक्रवारी दुपारी शेवटचा टाका पडला. त्याच क्षणी दारात बन्सीनं हॉर्न दिला आणि ओरडला, “मामा, झालं का समुद्राचं?”

“झालं!” इसहाक म्हणाला, दोरा तोडला, जाळं हातावेगळं केलं आणि उठला. त्याला ते कुणाला तरी ताबडतोब दाखवायचं होतं, आणि ते कुणी म्हणजे बन्सी नव्हे. तो बन्सीच्याच ट्रकमध्ये चढला. “घरी चल. दयाला आणायचंय. तिच्या आईलाबी.”

स्टेलाबाई यायला तयार नव्हत्या. इसहाक म्हणाला, “ये. लग्न झाल्यापासनं माझं काम बघाय तू आली न्हाईस.” हे खरं असल्यामुळं त्यांना यावं लागलं. त्या साडी बदलून आल्या.

शेडच्या दारात पुंजाराम उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत होतं, आणि पुंजारामच्या चेहऱ्यावर काही दिसणं हीच मोठी गोष्ट होती.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “असा माल आजवर न्हाई निघाला. या.”

आत, तुळईच्या लोखंडी आकड्याला जाळं टांगलेलं होतं. कडी वर, शेपटी खाली, शेपटीला दोरीची गाठ. जाळं निम्म्याच्या वर पाण्यानं भरलेलं होतं. अंगावर मेणाची पिवळट तकाकी चढली होती आणि ते दूध साठलेल्या म्हशीच्या कासेसारखं फुगलं होतं. खालची फरशी कोरडी होती.

“दोन घागरी बसल्या,” पुंजाराम म्हणाला. “थेंब न्हाई.”

बन्सी मागून आला, टाचा उंचावून वर बघितलं, खाली बघितलं, फरशीवरून हात फिरवला. “मामा,” तो भारावून म्हणाला, “ही तुमच्या जन्माची कारागिरी हाय.”

तेवढ्यात पाण्याच्या वरच्या पातळीपाशी, कडीच्या बरंच खाली, पाणी हळूच झिरपताना दिसलं, म्हणजे तिथंवर मेण पोचलं नव्हतं. पुंजारामचा चेहरा पडला. “वरचं अंग तेवढं राह्यलं,” तो म्हणाला. “कढईत बसंना. उद्या उलटं करून बुडवतो.”

“नको,” इसहाक म्हणाला. “पुंजाराम, हे कुठं हुतं?”

“डावीकडं.”

इसहाकनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. चार दिवस त्यांना उजवीकडची चादर दाखवली होती. शेवटच्या क्षणाला ते आपल्या सवयीनं गेले.

दया पुढं झाली. तिनं जाळ्याला बोट लावलं. ते घट्ट होतं, पखालीसारखं. ती रडेल असं वाटून स्टेलाबाई तिच्याकडं सरकल्या, पण ती विचार करत होती.

“पप्पा, रॉकेल.”

सगळा उरलेला दिवस रॉकेल, मग गरम पाणी, मग साबणाचा चुरा यांत गेला. मेण थोडं सुटलं, तुरटी-साबणाचा थर सुटला नाही. दयानं त्याचा एक भाग मावळत्या सूर्याकडं धरला. भोकं दिसली नाहीत. आंधळ्या डोळ्यासारखं पांढुरकं दिसलं. पुंजाराम रॉकेलच्या वासात एका कोपऱ्यात बसला होता आणि जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या मालाची तक्रार ऐकावी लागत होती, की तो फारच चांगला आहे.

“मिस्त्री, मला इचारायला पायजे हुतं,” तो म्हणाला.

“तू कधी इचारलंस?”

“न्हाई.”

“मंग.”

स्टेलाबाई स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. घरी जायची त्यांनी घाई केली नाही. एकदाच म्हणाल्या, “म्हनजे आता बीएड.” ते कुणाला टोचायला म्हणाल्या नाहीत, जशी वेळ विचारावी तसं म्हणाल्या. पण ते दयाला लागलं आणि इसहाकला जास्त लागलं. हंगाम खडकामुळं हुकला असता तर ती देवाची करणी ठरली असती. त्याच्या हातानं हुकला, तर मुलगी जन्मभर शाळेत फळा पुसेल, आणि जेव्हा जेव्हा पुसेल तेव्हा त्याला ते डावीकडं टाकल्याचं आठवेल.

“वरचं अंग,” इसहाक म्हणाला.

“काय?”

“वरचं अंग राह्यलं म्हनला ना तो. कढईत बसंना म्हनून. ते चांगलं हाय.”

त्यानं निथळत टांगलेलं जाळं खाली उतरवलं, शिवण उसवली आणि कापड फरशीवर पसरलं. शेपटीकडचा मोठा भाग गेला होता. तोंडाकडचा रुंद पट्टा शाबूत होता, कमानीसारखा वाकडा.

“ह्याच्यातनं धाकटं जाळं निघंल. तोंड केवढं ठेवू? कापड पुरवायचं तर परातीएवढंच ठेवतो, लांबी कमी करतो.”

“नाही चालणार,” दया म्हणाली. “अंग तोंडाच्या मानानं बरंच मोठं लागतं. तोंड मोठं आणि अंग आखूड झालं, तर पाणी आत तुंबतं, मागं फिरतं आणि अंडी घेऊन तोंडातून बाहेर जातं. तोंड लहान करा. लहान चालेल. मी तेवढ्या पाण्याचा हिशोब करीन.”

“लग्नातल्या पंगतीसारखं,” बन्सी म्हणाला. तो का थांबला होता कुणाला माहीत नव्हतं. “दार मोठं आनि मांडव लहान, की आत गेलेले परत बाहेर ढकलत्यात.”

“तू ट्रक घेऊन जा,” इसहाक म्हणाला.

“ट्रकला ताडपत्री न्हाई मामा. कुठं जाऊ?”

दया गुडघ्यावर बसली, बाप उकिडवा बसला. ती आकडा सांगे, तो खडूनं रेघ ओढे, पुसे, परत ओढे. वाकड्या पट्ट्यातून सरळ पाकळ्या काढायच्या होत्या. एकदा तिचं चुकलं, एकदा त्याचं. दोन पाकळ्यांऐवजी तीन घातल्या की कापड पुरतं, पण शिवण एक वाढते, आणि शिवणीतून पाणी जात नाही, तेवढं अंग कमी. शेवटी तोंड जेवणाच्या ताटाएवढं ठरलं. जुनी कडी वाया गेली. पलीकडच्या वर्कशॉपमधून नवी, लहान कडी वाकवून आणायला बन्सीला धाडलं, आणि तो आनंदानं गेला.

शिवायच्या आधी स्टेलाबाई स्टुलावरून उठल्या. मशीनच्या डाव्या अंगाला, जिथं माल पडे नेमक्या तिथं, त्यांनी स्टूल नेऊन ठेवलं आणि बसल्या.

“तिथं कशाला?” इसहाकनं विचारलं.

“शिवा तुमी,” त्या म्हणाल्या.

जाळं तयार झालं. ते कुंचीसारखं दिसत होतं. पुंजारामनं ते आकड्याला टांगलं आणि सवयीनं घागर ओतली. पाणी एका दमात सगळीकडून खाली आलं, पुंजारामच्या पायांवर, स्टेलाबाईंच्या बदललेल्या साडीवर, फरशीवरच्या खडूच्या रेघांवर.

पुंजाराम ओल्या पायांकडं बघत राहिला. “गळतंय,” तो म्हणाला.

“व्हय,” इसहाक म्हणाला. “लई गळतंय.”

दया जाळं घेऊन नव्या वर्षाच्या आधी गेली. जानेवारीत तिचा एसटीडीवरून पेपरवाल्याच्या दुकानात फोन आला. इसहाक धावत गेला. होडीवरचे खलाशी जाळं बघून हसले होते, एकानं विचारलं होतं की हे चहा गाळायला आणलंय का. पहिल्या दिवशी जाळ्यात चिखल आला. दुसऱ्या खेपेला जेलीसारखं काहीतरी, ज्यानं हात खाजले. “शिवन?” इसहाकनं विचारलं. शिवण शाबूत होती. “मंग ठीक हाय,” तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला. मुलीची तब्येत विचारायची राहिली म्हणून घरी बोलणी खाल्ली. पुढं तो पंचांग बघू लागला. चर्चमध्ये जाणारा माणूस अमावास्या कधी आहे म्हणून विचारतो, याचं पेपरवाल्याला नवल वाटलं, पण त्यानं सांगितलं. दर अमावास्या-पौर्णिमेला इसहाक शेडमध्ये कमी बोलत असे.

मे सरताना दया आली. उन्हानं काळी झाली होती आणि वजन उतरलं होतं. पिशवीत कापसात गुंडाळलेल्या काचेच्या कुप्या होत्या. लहान जाळ्यात कमी आलं होतं, पण दर खेपेला काही ना काही आलं होतं; सरांनी हिशोब तपासून मान्य केला होता. हंगाम हुकला नव्हता.

जेवण झाल्यावर तिनं बशीत थोडं पाणी घेतलं, एका कुपीतले थेंब सोडले आणि बापाला भिंग दिलं. इसहाकनं एक डोळा मिटला. बशीत काचेचे गोल मणी होते. एकात आत पिवळसर तेलाचा ठिपका, दुसऱ्यात बारीक वेटोळं, त्याला दोन काळे डोळे.

“ह्याला शिवन कुठं न्हाई,” तो म्हणाला.

“नाही, पप्पा.”

“मंग आत पानी जात न्हाई?”

“थोडं जातं. जावं लागतं.”

हे त्याला पटलं नव्हतं, पण जिनं हे बघितलंय तिच्याशी वाद कशाला घालायचा. त्यानं भिंग बायकोकडं दिलं.

स्टेलाबाईंनी पुष्कळ वेळ बघितलं. “हलत न्हाईत.”

“औषधात घातलीत, मम्मी. मेली आहेत.”

“सगळी?”

“सगळी.”

“अगं बाई.” त्यांनी भिंग खाली ठेवलं नाही. “कुनाचं हे? डोळेवालं.”

“तारलीचं असावं. अजून खात्री नाही. पुढच्या हंगामात कळेल.”

पुढचा हंगाम हा शब्द खोलीत तसाच राहिला. कापरे बाईंची ती जागा अजून भरली नव्हती, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. इसहाक बशीकडं बघत होता. दया आईकडं बघत नव्हती.

स्टेलाबाई उठल्या. कपाटातून जुनी सुती साडी काढली, दातानं काठ तोडून तिचे पट्टे फाडले आणि एकेक कुपी गुंडाळू लागल्या.

“कापसात कुनी काच बांधतं का?” त्या म्हणाल्या. “आनि एसटीनं जायचं न्हाई. घाटात मागच्या सीटवर आदळून सगळी फुटतील. बन्सीला इचारा, त्याचा ट्रक कुठवर जातो.”